वाचकांचे प्रश्न : प्रवासातला डबा आणि माशांची पेटी

प्रश्न : मे महिन्यात पहाटे गाडीने वेंगुर्ल्याला निघतो. बरोबर पोळ्या, बटाट्याची भाजी, ओल्या नारळाची चटणी असते. चिपळूण येईपर्यंत चटणी आंबते, पोळ्या चिकट होतात. लहान मुलं बरोबर असतात. काय चुकतं? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ओला नारळ प्रवासात नकोच. त्यात पाणी आणि गोडी दोन्ही असल्याने उकाड्यात तो झपाट्याने आंबतो. सुकं खोबरं भाजून, लसूण, लाल तिखट, मीठ घालून कोरडी चटणी करा आणि कोरड्या चमच्यानेच काढा. भाजीतही ओलं खोबरं, टोमॅटो घालू नका. शिजवलेली ओलसर भाजी बाहेर जास्तीत जास्त दोन तास ठेवावी. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. म्हणजे ती पहिल्या थांब्यालाच संपवायची, नाहीतर आदल्या रात्री फ्रिजमध्ये गार करून बर्फाच्या पेटीतून न्यायची.

पोळ्या तव्यावरून थेट डब्यात रचल्या की वाफ कोंडते, झाकणाला पाणी धरतं आणि तेच परत पोळ्यांत मुरतं. सुती कापडावर सुट्या पसरून पूर्ण गार करा, मगच डबा भरा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई तेलाबरोबर पोळीत उतरते.

प्रश्न : मालवणहून पुण्याला साधारण चार किलो सुरमई-बांगडे थर्माकोलच्या पेटीतून आणतो. वर बर्फ असूनही तळचे बांगडे पिळपिळीत होतात. – एक वाचक, पुणे

उत्तर : दोन कारणं दिसतात : बर्फ कमी पडतो आणि तळाला पाणी साचतं. ३० अंशांवरचा चार किलो मासा शून्यापर्यंत गार करायलाच सव्वा ते दीड किलो बर्फ वितळतो. पेटीच्या भिंतींतून दिवसभर शिरणारी उष्णता वेगळीच. त्यामुळे माशाइतकाच बर्फ घ्या, मे महिन्यात दीडपट.

लादीचे मोठे तुकडे नकोत. ते मधे पोकळी ठेवतात आणि मासा चेपतात. गोणपाटात घालून बारीक फोडून घ्या. मासे निघायच्या वेळीच घ्या. पोट साफ करून, कल्ले काढून, थंड पाण्याने धुऊन निथळवा. पेटीच्या तळाला जाळी किंवा उपडी ताटली, तिच्यावर चार बोटं बर्फ, मग माशांचा थर, पुन्हा बर्फ. सर्वांत जाड थर वरती हवा, कारण वितळलेलं गार पाणी माशांवरून खाली उतरत जातं. जाळीमुळे ते माशांच्या खाली राहतं, तळचे बांगडे रक्ताच्या पाण्यात भिजत नाहीत. सुरमईच्या तुकड्या मात्र घट्ट बंद पिशवीत घाला. उघड्या ठेवल्या तर चव पाण्यात जाते. बर्फावर मीठ टाकू नका. तापमान शून्याखाली जातं, मासा अर्धवट गोठतो आणि सुटल्यावर आणखी मऊ पडतो.

पेटी डिकीत न ठेवता एसी लागतो तिथे ठेवा, वर जाड चादर टाका. फोंडा घाट चढून कोल्हापूर आलं की एकदाच उघडा, पाणी काढा, बर्फ भरा.

आता सर्वांत महत्त्वाचं. बांगडा आणि सुरमई उबदार राहिली तर जंतूंमुळे त्यांत हिस्टामिन तयार होतं. ते तळून-उकळून जात नाही आणि वासावरूनही नेहमी कळत नाही. खाल्ल्यावर चेहरा लाल होणं, खाज, डोकेदुखी, उलट्या असा त्रास होतो. घरी पोचल्यावर बर्फ संपलेला आणि मासा हाताला कोमट लागला, तर जीव कितीही हळहळला तरी तो टाकून द्या.

प्रश्न : तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) जिवंत कशा न्याव्यात? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ओल्या गोणपाटात, तोंड सैल ठेवून. हवाबंद पिशवीत त्या गुदमरतात, गोड्या पाण्यात मरतात. खाली बर्फ, वर जाड कापड आणि त्यावर तिसऱ्या, म्हणजे वितळलेलं पाणी त्यांना लागणार नाही. शिजवण्याआधी उघडी दिसेल तिला टिचकी मारा. मिटली नाही तर टाका.

प्रश्न : घरून सोलकढी बाटलीत नेता येईल का? – एक वाचक, पनवेल

उत्तर : तयार सोलकढी नको, नारळाचं दूध वाटेतच फाटेल. कोकमाचं आगळ न्या; त्यात भरपूर मीठ असल्याने ते प्रवासात खराब होत नाही. लसूण-मिरची वेगळी ठेवा. नारळ मुक्कामी फोडा, दूध काढा, आगळ घाला आणि लगेच प्या.