वडील रोज चालतात, एवढं पुरे का?

तुम्ही विचारलंय, वडील ७२ वर्षांचे, फ्लॅटमध्ये राहतात, लिफ्ट आहे, रोज संध्याकाळी अर्धा तास चालतात. तब्येत टिकवायला एवढं पुरे का?

चालणं सोडू नका म्हणावं, पण तेवढ्यावर भागत नाही. मी स्वतः ७३चा. मलाही वाटायचं, चालतोय ना, मग झालं.

एकदा रस्ता ओलांडताना अर्ध्यावर पोहोचलो आणि गाड्या सुटल्या. दुभाजकाला धरून उभा राहिलो. सगळा राग सिग्नलवर काढला. नंतर कळलं की बऱ्याच ठिकाणी सिग्नलवर रस्ता ओलांडायची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात. आमच्या वयात अनेकांना ते जमत नाही. (राग अजून गेलेला नाही.)

मग फिजिओथेरपिस्टकडे गेलो. तिने हात छातीशी घ्यायला लावले आणि म्हणाली, ३० सेकंदांत खुर्चीतून जितक्या वेळा उठता येईल तितक्या वेळा उठा. सातपर्यंत गेलो, आठव्याला हात आपोआप खुर्चीवर टेकले. ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं तर पडण्याचा धोका जास्त धरतात. बायकांसाठी हा आकडा १०. आणि मी तर रोज चालणारा!

सपाट रस्त्यावर मांड्यांना फारसा जोर लावावा लागत नाही. जिने लिफ्टने काढून घेतले. उठताना आपण हातांचा टेकू घेतो, कमोडवरून उठताना भिंतीचा, आणि हे आपल्या ध्यानातही येत नाही. वयाबरोबर स्नायू झिजतातच, त्यात न वापरलेले लवकर.

जागतिक आरोग्य संघटनेचा आठवड्याला किमान १५० मिनिटांचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. तुमच्या वडिलांचा तो होतोही, फक्त चाल जरा झपझप हवी. पण त्याच सूचनांमध्ये ताकदीचा व्यायाम किमान २ दिवस आणि ६५ वरच्यांना तोल सांभाळण्याचा किमान ३ दिवस सांगितलाय. तिथवर कोणी वाचत नाही.

मी सकाळ-संध्याकाळ दहादा खुर्चीतून उठतो-बसतो. खुर्ची भिंतीला टेकवलेली, चाकांची नाही. मग टेबलाची कड धरून टाचा उचलतो, आणि शेवटी एका पायावर उभं राहतो, तेही कडेला हात ठेवूनच. आता त्या ३० सेकंदांत तेरा वेळा उठतो.

आणखी एक. रात्री उठल्यावर चक्कर येत असेल तर आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावं आणि डॉक्टरांना सांगावं. कधी कधी ते रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे होतं, पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर जिना उतरताना खालची पायरी धूसर दिसते, तेव्हा कठडा धरायचाच.

'व्यायाम करा' म्हटलं की वडील ऐकणार नाहीत. त्यांच्या शेजारी उभे राहून ती ३० सेकंदांची चाचणी घ्या, मग तुम्हीही करून दाखवा. माझ्या मुलाने केली, तर त्याचे गुडघे माझ्याहून जास्त कुरकुरले.