हग्गादा: पोथी, प्रार्थना की कहाणी?

प्रश्न असा आला आहे: एका ज्यू कुटुंबाच्या गोष्टीचा अनुवाद करताना 'हग्गादा' हा शब्द भेटला. तळटीपेत 'वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी' असं लिहिलं तर चालेल का? आणि लिहायचं कसं, हगादा की हग्गादा? (वल्हांडण म्हणजे मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामीतून सुटल्याची आठवण जपणारा ज्यूंचा सण.)

आधी लेखन पाहू, कारण अर्थ तिथेच दडलाय. या शब्दाच्या मुळाशी नून, गिमेल, दालेत ही तीन हिब्रू अक्षरं आहेत, म्हणजे न-ग-द. 'सांगणे' या अर्थाचं रूप होताना यातला न पुढच्या ग मध्ये जिरतो आणि ग दुहेरी होतो: हिग्गिद, 'त्याने सांगितलं'. 'सप्त'मधला प असाच जिरून प्राकृतात 'सत्त' झाला आणि त्याचं आपलं 'सात'. आजच्या इस्राएलात बोलताना एकच ग ऐकू येतो, त्यामुळे 'हगादा' चूक नाही. पण जिरलेल्या न ची खूण राहावी म्हणून मी जोडाक्षरच लिहीन.

तेव्हा हग्गादा म्हणजे 'सांगणं'. आधार बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकाचा, 13:8: 'वेहिग्गादता लेविन्खा', तू आपल्या मुलाला सांग. काय सांगायचं, तर मिसरातल्या गुलामीतून आपण कसे सुटलो ते.

'पोथी' मला खटकते ती इथेच. पोथी एक जण वाचतो, बाकीचे हात जोडून ऐकतात. वल्हांडणाच्या रात्रीच्या जेवणात, म्हणजे सेदेरमध्ये, सांगण्याची सुरुवात प्रश्नाने होते आणि तो घरातलं सगळ्यात लहान मूल विचारतं: 'मा निश्ताना', ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का? तालमूदात, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांच्या आणि चर्चांच्या जुन्या ग्रंथात, तर असं आहे की मुलाला विचारता येत नसेल तर बायकोने विचारावं, माणूस एकटा असेल तर त्याने स्वतःलाच विचारावं, आणि वल्हांडणाचे सगळे नियम पाठ असलेले दोन विद्वान बसले असतील तर त्यांनीही एकमेकांना विचारावं. उत्तर ठाऊक आहे म्हणून प्रश्न विचारणं टळत नाही. हे मला फार मोलाचं वाटतं.

हग्गादेत चार मुलगे येतात: शहाणा, दुष्ट, भोळा, आणि ज्याला विचारायचंच कळत नाही तो. या चौथ्यासाठी बापाला सांगितलंय, 'अत्त पेताख लो', तू त्याच्यासाठी सुरुवात कर. शब्दशः 'तू त्याला उघडून दे'. हिब्रूत पुरुषाला आणि बाईला म्हणायचा 'तू' वेगळा असतो, आणि हा 'अत्त' एरवी बाईसाठीचा. आईच्या मऊपणाने सांग, असा अर्थ काही भाष्यकार त्यातून काढतात.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा शब्द 'कहाणी'. आदित्यराणूबाईच्या कहाणीतली राणी आठवा. सहा मोत्यें घेते, तीन ऐकणाऱ्याला देते, तीन आपल्या हाती ठेवते. ती मनोभावें सांगते, तो चित्तभावें ऐकतो. ऐकणारा मिळाल्याशिवाय कहाणी होतच नाही. देवधर्म वेगळे, पण सांगण्याचं हे नातं तेच.

आणि हा शब्द मराठीला नवखाही नाही. कोकणातल्या बेने इस्राएलांची, म्हणजे तिथल्या ज्यूंची, घरची भाषा मराठीच. हिब्रूसोबत मराठी भाषांतर असलेली हग्गादा मुंबईत 1846 मध्ये छापली गेली, पुण्याची 1874 मध्ये. पुण्याच्या प्रतीतलं एक चित्र मिळालं तर जरूर पाहा: लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताहेत. मिसरातून सुटल्याची गोष्ट, आणि कणीक मळणारे हात आपल्या ओळखीचे! पुढे 1880 च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्राएलांनी बायबलमधल्या गोष्टींवर कीर्तनंही सुरू केली, ओव्या-साक्यांसकट. त्या कीर्तनात 'आख्यान' शब्द चपखल बसतो. हग्गादेला मात्र तो नको. आख्यान लावायला बुवा लागतो, हग्गादेला घरातलं मूल पुरतं.

'प्रार्थनापुस्तक' तर नकोच. प्रार्थना आणि स्तोत्रं त्यात आहेत, पण रोजच्या प्रार्थनांच्या पुस्तकाला 'सिद्दूर' हा वेगळा शब्द आहे, आणि घोटाळा होईल.

तुमच्या मजकुरात शब्द 'हग्गादा' असाच ठेवा, स्त्रीलिंगी चालवा (हिब्रूतही तो स्त्रीलिंगीच आहे), आणि तळटीप अशी द्या: 'वल्हांडणाच्या रात्री जेवणाच्या पंगतीत मुलांच्या प्रश्नांना उत्तर म्हणून सांगायची, मिसरातून सुटकेची कहाणी, तिचं पुस्तक.'