कलंगुटच्या हॉटेलात नोकरी करताना परहेजगारी कशी राखायची?

रत्नागिरीकडून येऊन कलंगुटच्या हॉटेलात लागलोय, आजूबाजूला दारू आणि पार्ट्या, अशा ठिकाणी तकवा (अल्लाहचं भय राखून वाईटापासून दूर राहणं, म्हणजेच परहेजगारी) आणि चारित्र्य कसं टिकवायचं, असं तुम्ही विचारलंय. मी मौलाना नाही. मूळ फोंड्याचा, म्हापशाच्या बाजारात काजू-मसाल्याचं दुकान आहे. लहानपणी जे शिकवलं गेलं आणि गल्ल्यावर बसल्यावर रोज ज्याचा कस लागतो, तेवढंच सांगतो.

आधी गोव्याला दोष देणं सोडा. फोंड्याची साफा मशीद १५६० सालची, आदिलशाही काळातली. म्हणजे आपण इथे काही कालपरवा आलेलो नाही, आणि किनाऱ्यावरचे चार रस्ते म्हणजे गोवा नव्हे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी आपले साथी अबू जर यांना सांगितलेली हदीस, म्हणजे वचन, आहे: जिथे असशील तिथे अल्लाहला भिऊन राहा, वाईट घडलं तर मागोमाग चांगलं कर म्हणजे ते पुसलं जाईल, आणि लोकांशी चांगल्या स्वभावाने वाग. ‘जिथे असशील तिथे’ यात कलंगुटही आलं.

नोकरीचं मात्र स्पष्ट बोलतो. दारूच्या बाबतीत हदीसमध्ये फक्त पिणारा नाही, गाळणारा, वाहून नेणारा, वाढणारा, विकणारा, तिचा पैसा खाणारा असे दहा जण मोजले आहेत. तेव्हा बारवर ड्युटी असेल तर मॅनेजरला सरळ सांगून किचन, हाउसकीपिंग नाहीतर रिसेप्शन मागून घ्या. हॉटेलात कामं पुष्कळ असतात. न जमल्यास पगार घ्यावा की सोडावा, हे एखाद्या जाणत्या आलिमला, म्हणजे धर्माच्या अभ्यासकाला, विचारा. माझ्यासारख्याने फतवे देऊ नयेत.

नजरेबद्दल लोक फार बोलतात, म्हणून थोडक्यात. कुराणाच्या सूरह (अध्याय) नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, बायकांची आयत (ओळ) त्याच्या पुढची. समोरचीने काय घातलंय हा तुमचा विषयच नाही. पहिली नजर अचानक पडते, ती माफ. दुसरी आपण टाकतो.

आता जे मला खरं अवघड वाटतं ते. दारूपासून लांब राहणं तसं सोपं, कारण ती बाटलीत दिसते. वजनकाट्यातली लबाडी दिसत नाही. सीझनमध्ये गाडीची नंबरप्लेट बघून भाव बदलावासा वाटतो. काजूगराच्या प्रतीत नंबर जितका लहान तितका गर मोठा, पण हे किती पर्यटकांना ठाऊक असतं? डब्ल्यू ३२० चा माल २४० म्हणून खपवला तर पकडणार कोण? पैगंबरांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तर आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजलं. मग ते वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं आणि म्हणाले, फसवणारा माझा नव्हे. मापात मारणाऱ्यांच्या नावाचीच तर कुराणात सूरह आहे, मुतफ्फिफीन. तुमच्या हॉटेलात ही ओली रास वेगळ्या रूपात असेल: बिलात घुसवलेली एखादी प्लेट, पाहुण्याला टॅक्सीवाल्याच्या हाती देऊन घेतलेलं कमिशन, खोलीत राहून गेलेला चार्जर. दाढी राखून, पाच वेळा नमाज पढूनही माणूस इथे घसरतो.

दुसरी घसरण म्हणजे आपण बरे आहोत असं वाटू लागणं. एकाच खोलीत चार पोरं राहतात, त्यातलं गावाकडचं एखादं प्यायला लागलं की गावात पहिला फोन परहेजगार दोस्ताचाच जातो! सूरह हुजुरातमध्ये संशय, पाळत आणि गीबत (पाठीमागे निंदा) तिन्ही एकाच आयतीत मना केलंय, आणि गीबतीला मेलेल्या भावाचं मांस खाणं म्हटलंय. त्या पोराला एकट्याला गाठून प्रेमाने सांगा, बाकी झाकून ठेवा. दिवाळखोराची हदीसही लक्षात असू द्या: नमाज, रोजे, जकात घेऊन माणूस कयामतीत येईल, पण कुणाला शिवी दिलेली, कुणावर आळ घेतलेला, कुणाचा पैसा खाल्लेला. त्याची सगळी पुण्याई त्या लोकांत वाटली जाईल, आणि ती संपली की त्यांची पापं याच्या अंगावर.

रोज करण्यासारखं एक आहे. इस्लामी विद्वान इमाम गजाली (मृत्यू ११११) यांनी ‘इह्या’ या ग्रंथात आपल्या मनाला धंद्यातला भागीदार मानायला सांगितलंय: सकाळी त्याच्याशी करार, दिवसभर त्याच्यावर लक्ष, रात्री हिशेब. मी दुकानदार, मला हे लगेच पटलं. रात्री गल्ला मोजून झाला की पाच मिनिटं हाही हिशेब होतो. तुम्ही इशाची (रात्रीची) नमाज झाल्यावर करा. खाडाखोड निघाली तर तौबा (पश्चात्ताप करून माफी मागणं), आणि कुणाचे पैसे जास्त घेतले असतील तर आधी ते परत. नुसत्या तौबेने दुसऱ्याचा हक्क फिटत नाही.

राहिला जुम्मा, म्हणजे शुक्रवारची दुपारची नमाज. म्हापशाचा आठवड्याचा बाजार नेमका शुक्रवारी, त्यामुळे भर गर्दीत शटर ओढताना हात जड होतो. पण सूरह जुमुआत अजान झाली की व्यवहार सोडा असं सांगून लगेच पुढे म्हटलंय, नमाज झाली की पांगा आणि अल्लाहची कृपा शोधा, म्हणजे परत धंद्याला लागा. तुम्ही सीझन सुरू होण्याआधीच ड्युटी चार्टचं बोलून ठेवा. स्टाफमध्ये कॅथलिक पोरं असतीलच, त्यांना रविवारी सकाळी मिसाला जायचं असतं. रविवारची सकाळ तुम्ही घ्या, शुक्रवारची दुपार ते सांभाळतील. नाताळात त्यांची पाळी तुम्ही करा, ईदला तुमची ते करतील.