ती पेटी तुमची नव्हती

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तीन महिन्यांपूर्वी तुम्ही कमी सामानात, साधं राहायचं ठरवलंत आणि घरातून सतरा पिशव्या बाहेर काढल्यात. मग नवरा कामानिमित्त बाहेरगावी असताना माळ्यावरची त्यांची पत्र्याची पेटी 'वायरी आणि भंगार' म्हणून देऊन टाकलीत. तिच्यात त्यांच्या वडिलांचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ होतं. तेव्हापासून ते कामापुरतंच बोलतात. बारा वर्षांच्या लेकीनं परवा विचारलं, "आई, माझ्या खोलीचा नंबर कधी?" रिकाम्या कप्प्यांसाठी तुम्ही एकसारखे चोवीस डबे मागवलेत, तरी मन काही हलकं झालेलं नाही. तुम्ही विचारता, माझं चुकलं का? की साधं राहायचा नादच सोडून देऊ?

चुकलं. नाद मात्र सोडू नका.

आधी पेटीचं बघा. हे वाचून झालं की पेटी ज्यांना दिलीत त्यांना फोन करा, ती पुढे कुठे गेली ते विचारा, गरज पडली तर स्वतः जाऊन शोधा. सापडेल न सापडेल, पण तुम्ही शोधायला गेलात हे नवऱ्याला कळू द्या. मग माफी मागा, आणि त्या वाक्यात 'पण' येऊ देऊ नका. 'चुकलं, पण ती पेटी दहा वर्षं कुणी उघडलीच नव्हती' असं म्हणालात तर ती माफी राहत नाही, वाद होतो. घड्याळ नाहीच मिळालं तर त्याच्या बदल्यात नवीन आणू नका. त्यापेक्षा ते घड्याळ कसं होतं, वडील ते कधी घालायचे, हे त्यांना विचारा आणि ते बोलत असताना नुसतं ऐका.

तुमचा पसाऱ्याचा त्रास खरा आहे, हे मी मनापासून मानते. 2010 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नवरा-बायको दोघंही नोकरी करणाऱ्या जोडप्यांनी आपापलं घर फिरून दाखवलं आणि त्यांचे शब्द टिपून घेतले गेले. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा, अर्धवट राहिलेली कामं असे शब्द जास्त होते, त्यांच्यात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. तेव्हा 'तुझं आपलं काहीतरीच' असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका.

पण दुसरी बाजूही आहे. 1990 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले आणि विकायला सांगितलं. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी सांगितलेली किंमत, बाकीचे देऊ करत होते त्याच्या साधारण दुप्पट निघाली. मग तोच होता, फक्त थोड्या वेळापुरता 'माझा' झालेला. काही मिनिटांच्या मालकीत एवढं होत असेल, तर वडिलांच्या मनगटावरच्या घड्याळाचं मोल बाहेरच्या माणसानं ठरवायचं कसं? आणि त्या पेटीपुरत्या तुम्ही बाहेरच्याच होतात. दुसऱ्याची वस्तू आपल्याला अडगळ दिसते, कारण तिची गोष्ट आपल्याला ठाऊक नसते.

माझी आई गेली तेव्हा तिच्या हिशेबाच्या चौदा वह्या निघाल्या. मी एक ठेवली. तिच्यात सातच्या आकड्याला आई आडवी रेघ द्यायची ती दिसते, आणि एका पानावर पेन्सिलीनं माझ्या बुटाचं माप लिहिलेलं आहे. बाकीच्या तेरा जाऊ देताना मला जड गेलं नाही, कारण कुठली ठेवायची ते मी ठरवलं होतं, तेही सावकाश, एकेक पान उलटून. तुमच्या नवऱ्याला ते ठरवायला मिळालंच नाही.

म्हणून यापुढे हात घालायचा तो फक्त आपल्या सामानाला. तुमच्या कपाटातले सगळे हँगर आज उलटे अडकवा. जो कपडा घालाल तो धुऊन परत ठेवताना हँगर सुलटा करा. सहा महिन्यांनी जे उलटेच राहिलेत ते काढायला फार विचार करावा लागत नाही. ज्या वस्तूंबद्दल मन द्विधा असेल त्या एका खोक्यात भरा, वर तारीख घाला आणि नजरेआड ठेवा. चार महिन्यांत ज्याची आठवण झाली नाही ते जाऊ द्या. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर सगळ्यांचं आहे, तिथलं तिघांनी बसून ठरवा. आणि नवऱ्याला एक कप्पा असा द्या, जो तुम्ही उघडणार नाही. त्यात काय ठेवलंय हेही विचारायचं नाही.

आता ते डबे. तुमचं पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त तिथेच थांबले. फ्रेंच विचारवंत देनी दिदेरो यांनी 1769 मध्ये लिहून ठेवलंय की नवा झगा आल्यावर त्याच्यापुढे जुनं मेज, जुनी खुर्ची, भिंतीवरची चित्रं सगळंच फिकं वाटू लागलं आणि एकेक करून बदलत गेलं. तुमच्याकडे नव्या झग्याच्या जागी रिकामा कप्पा आला. सामान गेलं तशी जागा झाली, आणि ती जागा छान दिसावी म्हणून पुन्हा खरेदी झाली. डबे परत करता येत असतील तर करा. मला वाटतं, तुमचं मन हलकं न होण्याचं कारण इथेच आहे. तुम्ही तीन महिने काय बाहेर काढायचं तेच पाहत होतात, आत काय येतंय तिकडे लक्षच नव्हतं. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा. काही घ्यावंसं वाटलं की त्याचं नाव आणि तारीख लिहा, आणि तीस दिवस थांबा. औषधं, शाळेचं साहित्य, मोडलेल्या नळाची दुरुस्ती, असलं अर्थातच यात धरू नका. तीस दिवसांनी त्यातली बरीच नावं तुम्ही स्वतःच खोडाल.

राहिला लेकीचा प्रश्न. ती घाबरली आहे, आणि तिला उत्तर आजच मिळायला हवं. तिच्या खोलीच्या दारावर टकटक करा, ती 'ये' म्हणाली तरच आत जा. तिच्याजवळ बसा आणि सांगा की तुझ्या खोलीचा नंबर कधीच लागणार नाही, इथलं काय ठेवायचं ते तू ठरवशील. तिला दाखवावंसं वाटलं तर तिच्या खणातली एखादी वस्तू ती तुमच्या हातात देईल. ती बघा, आणि तिच्याच हातात परत द्या.