वाचकांचे प्रश्न : ओव्हरक्लॉक केलेला गेमिंग पीसी आणि कोसळणारा ड्रायव्हर

प्रश्न : गेम रंगात आला की स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी होते आणि गेम बंद पडतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ४१०१ हा क्रमांक आणि 'एनव्हीएलडीडीएमकेएम' ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं, अशी नोंद दिसते. तीन वेगवेगळे ड्रायव्हर टाकून पाहिले. आफ्टरबर्नर या प्रोग्रामने कार्ड ओव्हरक्लॉक केलंय, म्हणजे गती ठरलेल्यापेक्षा वाढवलीय : कोअर +१५० आणि मेमरी +१०००. हिवाळ्यात याच सेटिंगवर सगळं सुरळीत होतं, एप्रिलपासून त्रास सुरू झाला.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. आधी ४१०१ म्हणजे काय ते पाहू. विंडोज ग्राफिक्स कार्डाला काम देते आणि २ सेकंद वाट पाहते. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर कार्ड अडकलं असं समजून ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नव्याने सुरू करते. तेही जमलं नाही तर ०एक्स११६ क्रमांकाची निळी स्क्रीन येते. म्हणजे ही नोंद कोण गप्प झालं एवढंच सांगते, का झालं ते सांगत नाही. म्हणूनच तीन ड्रायव्हर बदलूनही फरक पडला नाही.

चिप तापली की त्याच व्होल्टेजवर तिला आधीइतकी गती पेलत नाही. खोली १५ अंशांनी तापली आणि पंख्याचा वेग तोच राहिला, तर चिपही साधारण तेवढीच जास्त तापते. शिवाय +१५० म्हणजे एक ठरावीक गती नव्हे. त्याने व्होल्टेज आणि गतीचा अख्खा आलेखच १५० मेगाहर्ट्झने वर सरकतो. आलेखाच्या एका टोकाला चिप तग धरते आणि दुसऱ्या टोकाला कोसळते. बेंचमार्क (वेगाची चाचणी) तासभर चालतो, पण गेमच्या साध्या मेनूत पीसी पडतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

आता आफ्टरबर्नर रीसेट करा आणि विंडोजबरोबर सेटिंग लागू होण्याचा पर्याय बंद करा. तोच गेम, त्याच वेळी, दोन-तीन संध्याकाळी खेळा. त्रास थांबला तर निकाल लागला. मग फक्त कोअर +५० पासून १५-१५ ने वाढवा. जिथे पडेल तिथून ३० मागे या. मेमरीला हात त्यानंतरच लावा, १००-१०० ने. काही कार्डांतली जीडीडीआर६एक्स मेमरी चूक सापडली की तोच डेटा पुन्हा पाठवते, त्यामुळे मर्यादा ओलांडली तरी ती लगेच पडत नाही, आधी फ्रेम कमी होऊ लागतात. तेव्हा फ्रेम वाढायच्या थांबल्या की तुम्हीही थांबा. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर दोष कशाचा हे कधीच कळणार नाही.

मूळ सेटिंगवरही पडत असेल तर इंटरनेट काढा, सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रामने जुना ड्रायव्हर पुसा आणि मगच नवा टाका. इंटरनेट जोडलेलं राहिलं तर विंडोज मधल्या वेळात स्वतःचाच ड्रायव्हर बसवते. एवढं करूनही पडलं तर कोअर -५० करून पाहा. त्याने थांबलं तर कार्ड कारखान्यातल्या गतीलाही टिकत नाही. ते वॉरंटीत द्या.

रजिस्ट्रीतली 'टीडीआर डिले' ही मर्यादा २ वरून १० सेकंद करा, असं अनेक व्हिडिओंत सांगतात. गेमसाठी तसं करू नका. अडकलेलं कार्ड जास्त वेळ अडकून राहील, बाकी काही नाही. रेंडरिंगसारख्या कामात एकच काम खरोखर लांबतं, तिथेच तिचा उपयोग आहे.

विदर्भातल्या उन्हाळ्यासाठी पॉवर लिमिट (कार्डाने ओढायच्या विजेची मर्यादा) ८५ टक्के ठेवा. फ्रेम थोड्याच घटतात, उष्णता मात्र चांगली उतरते. आणि कूलरचा ओलसर झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका.

प्रश्न : रायझन ५८००एक्स प्रोसेसरवर कर्व्ह ऑप्टिमायझर सगळ्या कोअरना -३० दिलं आहे. सिनेबेंच ही चाचणी तासभर चालते. पण नुसतं ब्राउझर उघडं असताना पीसी रीस्टार्ट होतो. हार्डवेअर चुकीची नोंद दिसते : डब्ल्यूएचईए-लॉगर, क्रमांक १८.
— एक वाचक, पुणे

उत्तर : कर्व्ह ऑप्टिमायझर कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करतो. त्याचा एक अंक म्हणजे ३ ते ५ मिलिव्होल्ट, तेव्हा -३० म्हणजे ९० ते १५० मिलिव्होल्टची कपात. आठही कोअर राबत असताना गती खाली असते, त्यामुळे ही कपात खपून जाते. हलक्या कामात एकच कोअर क्षणभर सर्वोच्च गतीला उडी मारतो आणि नेमकं तिथे व्होल्टेज अपुरं पडतं. सिनेबेंचच्या सर्व-कोअर चाचणीत ती उडी येतच नाही.

नोंदीच्या तपशिलात एपीआयसी आयडी असतो, त्यावरून चुकलेला कोअर कळतो. त्याला २ ने भागा, अपूर्णांक सोडा. ७ असेल तर कोअर ३ (मोजणी शून्यापासून). त्या कोअरचा आकडा -३० वरून ५-५ ने शून्याकडे आणा. नव्याने सुरुवात करायची तर सर्वोत्तम दोन कोअरना -१० आणि बाकीच्यांना -२० द्या. चांगल्या कोअरना कंपनीनेच आधी कमी व्होल्टेज ठरवलेलं असतं, म्हणून त्यांच्यात कपातीला जागा कमी उरते. मग कोअरसायकलर रात्रभर चालवा. तो एकेक कोअर सुटा तपासतो.

क्रमांक १९ आणि 'बस/इंटरकनेक्ट' असं दिसलं तर मात्र एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीची गती) तपासा. ३६०० च्या रॅमला १८०० पुरतो. १९०० आणि त्यापुढे अनेक चिप कुरकुरतात.

प्रश्न : कार्डात १६ जीबी मेमरी असूनही काही गेम शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार करतानाच 'व्हिडिओ मेमरी अपुरी' म्हणून बंद पडतात.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रोसेसर कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि खरी गोम तिथेच असण्याची शक्यता आहे. अनरिअल इंजिनचे गेम सुरू होताना दाबून ठेवलेला शेडरचा डेटा प्रोसेसर उलगडतो. तिथे हिशेब चुकला की संदेश व्हिडिओ मेमरीच्या नावाने येतो.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे चिप झिजते, हे कंपनीने २०२४मध्ये मान्य केलं. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) आला, वॉरंटीही २ वर्षांनी वाढवली. तुमचा प्रोसेसर यांपैकी असेल तर बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करा आणि 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' निवडा. त्यानंतरही त्रास राहिला तर परफॉर्मन्स कोअरचा गुणक ५५ च्या आसपास असल्यास ५३ वर आणा. त्याने गेम चालू लागला तर चिप बिघडली आहे असं समजा आणि वॉरंटीत बदलून घ्या. झिजलेली चिप अपडेटने दुरुस्त होत नाही.

प्रश्न : रायझन ७०००, डीडीआर५-६००० रॅमच्या चार पट्ट्या, एक्स्पो (रॅमची वाढीव गती लागू करणारी सेटिंग) चालू. दर वेळी वेगळ्याच नावाची निळी स्क्रीन येते. विंडोज नव्याने टाकू का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आत्ता नको. नाव दर वेळी बदलतं तेव्हा पहिला संशय रॅमवर घ्यावा. या मालिकेला एएमडीची अधिकृत गती दोन पट्ट्यांना ५२०० आणि चारांना ३६०० आहे. तुम्ही ६००० मागता आहात, आणि एक्स्पो हेही ओव्हरक्लॉकिंगच. आधी एक्स्पो बंद करा. चुकणाऱ्या रॅमवर टाकलेली विंडोज बिघडलेलीच बसते आणि घेतलेला बॅकअपही बिघडू शकतो. मग रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ च्या चार फेऱ्या चालवा. एकही चूक चालणार नाही. क्षमता पुरत असेल तर दोन पट्ट्या काढून टाकणं हा सगळ्यात सोपा उपाय.

प्रश्न : निळी स्क्रीन नाही, काही नाही. गेममध्ये पीसी झटक्यात बंद होतो. कर्नल-पॉवर ४१ एवढीच नोंद आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ४१ म्हणजे पीसी नीट बंद झाला नव्हता, इतकंच. तपशिलात बगचेक कोड (निळ्या स्क्रीनचा क्रमांक) ० असेल तर एसएमपीएसकडे, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, पाहा. मोठी कार्डं क्षणभर सरासरीपेक्षा खूप जास्त वीज ओढतात आणि एसएमपीएसचं संरक्षण तिथेच वीज तोडतं. कार्डाला ८ पिनची दोन कनेक्टर असतील तर एकाच वायरीची दोन टोकं लावू नका, दोन स्वतंत्र वायरी ओढा. पीसी घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर त्याची कळ यूपीएस मोडवर आहे ना, तेही बघा. दुसऱ्या मोडमध्ये वीज गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला इतका वेळ लागू शकतो की एसएमपीएस तेवढा काळ तग धरत नाही.