रिपॉझिटरीत काय घ्यायचं?

कॉलेजची रिपॉझिटरी, म्हणजे संशोधन जपून ठेवणारा ऑनलाइन संग्रह, आता तू बघणार आहेस, तर पीएच.डी.च्या प्रबंधांपाशी अडकू नकोस. यूजीसीच्या २००९ च्या नियमांपासून त्यांना शोधगंगा हा देशभरातल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह आहेच. खरी गळती एम.ए., एम.एस्सी.च्या प्रकल्पांत होते. गिरणगावातल्या कामगारांच्या मुलाखती, ठाणे खाडीच्या पाण्याचे नमुने, सगळं कपाट आवरताना रद्दीत जातं. ते घे. मार्गदर्शकांची शिफारस पुरे, पण लेखी हवी. प्रयोग फसला असेल तरी घे. असे निकाल जर्नलं सहसा छापत नाहीत, मग पुढचा विद्यार्थी तोच प्रयोग पुन्हा करत बसतो. आकडेवारी मात्र सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेल्या साध्या फाइलीतच माग. तक्त्याचा फोटो चिकटवलेली पीडीएफ कुणाच्याच कामाची नाही.

मराठी प्रबंध युनिकोड या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीतच घे. जुन्या फॉन्टमधला मजकूर शोधात सापडत नाही, आणि हे दुखणं आपल्याकडे फार आहे.

मुलाखती असतील तर बोलणाऱ्याची संमती बघितल्याशिवाय अपलोड करायचं नाही. छापून आलेल्या लेखाची प्रकाशकाची पीडीएफ बहुतेकदा चालत नाही; तज्ज्ञांच्या परीक्षणानंतरची लेखकाची स्वतःची प्रत चालू शकते, तीही कधीकधी काही महिने थांबून. लेखकाकडून प्रकाशकाशी झालेला करार मागून वाच. पेटंट घ्यायचं असेल तर आधी अर्ज, मग अपलोड.

सत्काराचे फोटो कुणी पाठवलेच तर गोड बोलून वेबसाइटवाल्याकडे धाड. प्राचार्यांचे असले तरी.