यवतमाळचं बंद पडलेलं शकुंतला रेल्वेचं स्टेशन खरंच इंग्रजांच्या मालकीचं होतं का?

नाही, स्टेशन आणि मार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी या खाजगी कंपनीचे होते, ब्रिटिश सरकारचे नव्हे. किलिक निक्सन या मुंबईच्या इंग्रज पेढीने ती उभारली आणि ही पेढी पुढे भारतीय हातांत आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अडीच फुटी रुळांचा हा मार्ग टाकला तो वऱ्हाडच्या कापसासाठी: यवतमाळच्या गाठी मूर्तिजापूरला आणायच्या, तिथे मोठ्या गाडीत चढवायच्या आणि थेट मुंबई. प्रवासी हे वरकड उत्पन्न. गाड्या आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) आणि नंतर मध्य रेल्वे चालवायची आणि कंपनीला करारानुसार वाटा द्यायची. त्यातूनच ‘अजून इंग्रजांना भाडं जातं’ ही चटकदार गोष्ट पसरली. मँचेस्टरचं वाफेचं इंजिन इथे १९९४ पर्यंत धावत होतं, मग डिझेल आलं. रस्त्यावरच्या गाड्यांपुढे ही संथ गाडी टिकणं अवघडच होतं.

एक मात्र लक्षात घ्या: वर्धा-यवतमाळ-नांदेड हा ब्रॉडगेज मार्ग वेगळा प्रकल्प आहे, शकुंतलेचं रुंदीकरण नव्हे. बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते.